मोकळ्या तारेवरची चूक

कानाच्या दवाखान्यात एक खोका आहे. तिथे त्याला केबिन म्हणतात. पण पाच फूट लांब, चार फूट रुंद, आणि खिडकी म्हणून कधीच न उघडणारी दुहेरी काच, अशा वस्तूला मी खोकाच म्हणणार. भिंतींना आतून राखाडी फोम, दाराच्या कडेला जाड रबर. दार लावलं की कानांत दडे बसतात आणि बाहेरचं जग कुणी पुसून टाकल्यासारखं वाटतं. पेशंटला आत बसवायचं, बाहेरच्या यंत्रातून बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. माझी सून हेच काम करते.

दवाखाना दुपारी एक ते तीन बंद असतो. गेला महिनाभर त्या दोन तासांत आमचे हे त्या खोक्यात बसून गिटार वाजवत होते, समोर सून मांडीवर रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन, आणि बाहेर सुनेच्या खुर्चीवर, तिचेच हेडफोन कानांना लावून, मी.

ह्यांनी चाळीस वर्षं गिटार शिकवली. तीही गाण्याच्या साथीची नव्हे, एकट्याने वाजवायची. गाणारा नाही, ठेका धरणारा नाही, एक माणूस आणि सहा तारा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "वा, गिटार! मग एखादं गाणं होऊन जाऊ दे." की ह्यांचं तोंड काढा प्यायल्यासारखं. वाजवायचे ते सगळे लहान लहान तुकडे, कुठला एक मिनिटाचा, कुठला अडीच. मी तुकडा म्हटलं की चिडायचे. "तुकडा काय, साबणाचा आहे? रचना म्हण." चाळीस वर्षांत मी एकदाही रचना म्हटलं नाही. संसारात काहीतरी आपलं राखावं लागतं.

घरकामात मात्र हात दोन्ही बाजूंनी राखलेले. पातेलं घासा म्हटलं तर उजव्या हाताची नखं आड येतात, कारण तारा त्या नखांनी छेडायच्या. भाजी चिरा म्हटलं तर डाव्या हाताची बोटं आड येतात, कारण तारा त्या बोटांनी दाबायच्या. देवाने तिसरा हात दिला असता तर त्याचंही काही कारण निघालं असतं.

गेल्या वर्षी ह्यांची डावी करंगळी आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. तेव्हा ह्यांनी ठरवलं, आपल्याला येतात त्यांतले अठरा तुकडे नीट रेकॉर्ड करून ठेवायचे. घरात ते शक्य नव्हतं. खाली गॅरेज आहे, शेजारच्यांचा कुत्रा आहे, आणि ह्यांच्या मते सगळ्यांत मोठा आवाज माझा आहे. सुनेने कानाच्या डॉक्टरांना विचारून खोका मिळवला. ती तिथे नोकरीला आहे तोवर, अशा बोलीवर.

आणि घोडं तिथेच अडलं. माझा मुलगा आठ महिन्यांपूर्वी बदली होऊन लांबच्या शहरात गेला. तिथल्या मोठ्या रुग्णालयात सुनेला जागा मिळाली होती, लहान मुलांचे कान तपासायची. तिला हवी होती तशी, अगदी मुद्दाम मागून घेतलेली. पंधरा तारखेला हजर व्हायचं होतं. ती म्हणाली, "बाबा, अठरा झाले की जाईन." शब्द दिला. मग पत्र लिहून दोन आठवडे वाढवून घेतले. रुग्णालयवाले म्हणाले, एकदाच. त्यानंतरच्या सोमवारी आली नाहीस तर जागा दुसऱ्या कुणाला.

मुलगा रोज संध्याकाळी फोन करायचा. आधी बायकोची चौकशी नाही, आईची नाही. "किती झाले?"

"पंधरा."

"कालही पंधराच होते!"

"तुझे बाबा कसोटी खेळताहेत," मी म्हणायचे.

मी नोकरीत तेहतीस वर्षं एका रुग्णालयाच्या चादरी मोजल्या. धुवायला गेल्या किती, आल्या किती, फाटल्या किती. त्यामुळे कुठेही बसले तरी मी रकाने आखते. खोक्याबाहेर बसल्या बसल्या मी एक वही केली. तारीख, तुकडा, कितव्यांदा, आणि शेवटचा रकाना, का बाद झाला. तुकड्यांची खरी नावं परकी आणि जिभेला जड, म्हणून मी माझी ठेवली. एक 'जिना', कारण तो चढतो, मधे दम खातो आणि पुन्हा चढतो. एक 'दोन जावा'. एक 'आजाऱ्याची विचारपूस', त्यात दर दोन क्षणांनी कुणीतरी हळूच दार ढकलून बघतं.

मला गाण्यातलं काही कळत नाही हे मी लपवत नाही. पण सुनेने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई, सूर शोधत बसू नका. फक्त अंगठा काय करतोय ते ऐका." तेवढं मी केलं. आणि खरंच, जाड तारांवर अंगठा एकटाच चालत असतो, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा, कुणाकडे न बघता. वरच्या तारांवर बाकीची बोटं बोलत असतात. हात एकच, माणूस एकच, आणि वाद मात्र दोघांचा. 'दोन जावां'मध्ये तर मला कुणाचं म्हणणं बरोबर तेही कळायला लागलं. धाकटीचं.

दुसरी गोष्ट शेवटाची. शेवटचा सूर वाजला म्हणजे तुकडा संपला नाही. तो सूर विझेपर्यंत कुणी हलायचं नाही, श्वासही नाकातून आणि बारीक. सहा सेकंद, कधी आठ. तो आधी गोल असतो, मग चपटा होतो, मग नुसता आहेसा वाटतो. नक्की कुठे गेला ते कधीच सांगता येत नाही. मला ती आठ सेकंदं आवडायला लागली होती, पण हे मी ह्यांना कशाला सांगू?

बाद कुठला आणि ठेवायचा कुठला, हे दोघांच्या मताने ठरायचं. चूक झाली की हे स्वतःच थांबायचे. चूक न होता संपला की सुनेकडे बघायचे. ती उगाच वा वा करत नाही. जे ऐकू आलं नाही त्याला बोट वर करणाऱ्या म्हाताऱ्यांशी तिचा रोजचा संबंध. ती "हा" म्हणाली की हा, "पुन्हा घेऊ" म्हणाली की पुन्हा. ह्यांनी उभ्या आयुष्यात एवढं कुणाचं ऐकलेलं नाही.

पहिल्या दहा दिवसांत अकरा झाले. मग चार झाले. मग गाडी रुतली ती रुतली.

तो मंगळवार होता. सोळावा तुकडा, माझ्या भाषेत 'लोटून घेतलेलं दार', कारण तो मिटत मिटत जातो, पण कडी लागत नाही. शेवटी शेवटी ह्यांचा डावा हात तारांवरून पूर्ण उचलला जातो. मोकळ्या तारा नुसत्या छेडायच्या असतात, दाबायचं काही नसतं. पहिल्या वर्गातलं पोरही तिथे चुकत नाही. हे तिथे चुकले. एक तार खटकन भलतीच वाजली, हे थांबले, डावी करंगळी झटकली आणि म्हणाले, "करंगळी!"

सून म्हणाली, "पुन्हा घेऊ."

मी शेवटच्या रकान्यात 'करंगळी' लिहायला गेले आणि पेन थांबलं. माझ्या आणि त्यांच्यामध्ये काच होती, पण काच स्वच्छ होती. करंगळी हवेत होती. तिने कुठली तार दाबलीच नव्हती, तर ती चुकेल कशी?

दुसऱ्यांदा त्याच जागी. तिसऱ्यांदा थोडं आधी, पण पुन्हा मोकळ्याच तारेवर. करंगळीचे अवघड ताण असलेल्या जागा मात्र लोण्यासारख्या गेल्या. मी मागची पानं उलटली. पंधराव्या तुकड्यापर्यंतच्या चुका सगळ्या अवघड जागी होत्या. माणूस चुकतो तो जिथे चुकायला कारण आहे तिथे. नवी चादर मधोमध फाटून आली तर ती धुताना फाटलेली नसते, ती कुणीतरी फाडलेली असते.

म्हणजे हे तिला ठेवून घेत होते. तोंडाने "जा गं, जा, करिअर महत्त्वाचं" म्हणायचं आणि अंगठ्याने पाय ओढायचा.

आता माझं सांगते, म्हणजे मी त्यातून सुटले असं कुणाला वाटायला नको. चादर कमी आली की मी धोबीखाना डोक्यावर घ्यायचे. इथे मात्र मी मंगळवारी गप्प बसले, बुधवारी गप्प बसले, गुरुवार आणि शुक्रवारही तसेच गेले. कारण ती गेली की मागे कोण राहणार? हे आणि मी. मुलगा गेला तेव्हा घरातलं बोलणं निम्म्यावर आलं होतं. उरलेलं निम्मं सगळं सुनेचं. ती स्वयंपाकघरात आली की मला माझे विनोद सुचतात. ह्यांच्यापुढे विनोद केला तर हे विचारतात, "म्हणजे?"

तेव्हा ह्यांची चोरी मी पकडली आणि मग चोरासोबतच जेवायला बसले.

शुक्रवारी संध्याकाळी फोनवर मुलाने "किती?" विचारलंच नाही. म्हणाला, "आई, तिचं तिकीट उद्याचं आहे. साडेचारची बस. ती रद्द कर म्हणाली तर मी करेन. पण तिने म्हणायला हवं." मी सुनेकडे पाहिलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि त्याच घड्या मोडून पुन्हा घालत होती. शब्द दिलाय म्हणून ती जाणार नाही, आणि जागा गेली म्हणून कधी बोलणारही नाही, हे मला त्या घड्यांत दिसलं. पुढची वीस वर्षं ती आमच्याशी गोड बोलेल. ते मात्र मला झेपणार नव्हतं.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी हे टेबलाशी बसून बारीक कागदाने उजव्या हाताची नखं घासत होते.

"अहो," मी म्हटलं, "करंगळी कशी आहे?"

"आहे तशीच. त्रास देते."

"हवेतसुद्धा?"

कागद थांबला.

"मला सुरातलं कळत नाही," मी म्हटलं, "पण मला दिसतं. मंगळवारपासून तुम्ही चुकलात ते सगळं हात वर असताना."

ह्यांनी नखावर फुंकर मारली. मला वाटलं आता उसळतील. तर म्हणाले, "मोकळ्या तारेवर चुकणं किती अवघड असतं, तुला काय ठाऊक. मला सराव करावा लागला."

"केव्हा केलात?"

"तू बाजारात जातेस तेव्हा."

मला हसू आलं, ते मी चहाबरोबर गिळलं. "आज तीन उरलेत आणि साडेचारला बस आहे."

"तिला कळलं असेल?"

"ती माणसांचे कान तपासते हो. तिला काय विचारता?"

ह्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "आज तीन होतील," म्हणाले.

झालंही तसंच, निदान आधी. सुनेची बॅग दवाखान्याच्या बाकाखाली ठेवली होती. एकला दार लागलं. 'लोटून घेतलेलं दार' दुसऱ्या खेपेला झालं. शेवटचा सूर विझला, सून म्हणाली, "हा." सतरावा जरा हट्टी होता, त्याला करंगळी खरोखर लागते. तो सहाव्यांदा झाला. दोन वाजून पस्तीस मिनिटं. आत दोघांचे कपडे पाठीला चिकटले होते. तिथे पंखा नाही, कारण पंख्याचा आवाज येतो.

अठरावा सगळ्यांत लहान. एक मिनिट दहा सेकंद. त्याला मी अजून नाव दिलं नव्हतं. ह्यांनी वाजवला. एकही चूक नाही. मी हेडफोन दाबून धरून शेवटचा सूर जाताना ऐकला आणि मनात म्हटलं, सुटली पोरगी.

सून यंत्राकडे बघत होती. "बाबा, हा नको."

"का? कुठे चुकलो?"

"चुकला नाहीत. पण वाजवलाही नाहीत, उरकलात."

ह्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुला ठेवून घेतलं तरी माझं चुकतं आणि सोडलं तरी माझंच चुकतं?"

खोक्यात शांतता पडली की ती फार पडते. हेडफोनमध्ये मला दोघांचे श्वास वेगवेगळे ऐकू येत होते.

"मला मंगळवारीच कळलं होतं," सून म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही आजवर कधी काही मागितलं नाहीत. ते मागणंच होतं ना? नाही कसं म्हणू?" मग तिने काचेतून सरळ माझ्याकडे पाहिलं. "आईंनाही कळलंय. मंगळवारपासून त्यांनी वहीतला शेवटचा रकाना कोरा सोडलाय."

मी वही मिटली. मिटून काय उपयोग होता? आपली चोरी आपल्याच अक्षरात, आणि तीही न लिहिलेल्या अक्षरात.

दोन पंचेचाळीस. बाहेर पेशंट जमायला लागले होते. काठीवाल्या एका आजीबाई बाकावर, बरोबर सुनेच्या बॅगेवर पाय टेकून बसल्या.

ह्यांनी गिटार पुन्हा मांडीवर नीट घेतली. डोळे मिटले. आणि त्यांनी तो तुकडा असा सुरू केला की मला पहिल्यांदा कळलं, आधी जे वाजलं ते नुसतं मोजून दिलेलं होतं. अंगठा चालत नव्हता, उभा होता. वरची बोटं त्याला काहीतरी सांगत होती, तो ऐकत होता, मग एक पाऊल टाकत होता, मग पुन्हा उभा. एवढ्याशा तुकड्यात त्याला कुठेही पोचायचं नव्हतं. मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. मी इकडेतिकडे पाहिलं, आजीबाई माझ्याकडेच बघत होत्या.

शेवटच्या आधीच्या ओळीत करंगळी लांब ताणायची असते. ती ताणली, पोचली, आणि दाब धरता आला नाही. सूर खरवडल्यासारखा निघाला आणि मेला.

ही चूक खरी होती. ते मला दिसलं, तिला ऐकू आलं, आणि ह्यांना तर बोटात कळलं.

सून म्हणाली, "हा ठेवू या, बाबा."

"छे."

"बाकी सगळा इतका..."

"छे म्हटलं ना. असा नाही ठेवायचा. पुन्हा." ह्यांच्या आवाजात आज लबाडीचा मागमूस नव्हता, आणि त्यामुळेच मी घाबरले. आठवडाभराचं सोंग सोडवता आलं असतं, पण ह्या माणसाला आता खरंच तो तुकडा हवा होता. "पुन्हा, फक्त एकदा. होतोय. ऐकलंस ना तू? होत होता."

"होत होता," ती म्हणाली. तिलाही तो हवा होता. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग यंत्राकडे, आणि यंत्राचं बटण दाबलं.

त्यांनी वाजवला. त्याच जागी करंगळी मेली. "पुन्हा." तिने दाबलं. पुन्हा तीच जागा. दोन अठ्ठावन्न. आता आत कुणीच खोटं बोलत नव्हतं, आणि म्हणून कुणीच थांबणार नव्हतं. करंगळी आज जमणार नव्हती. उद्याही नाही. तो तुकडा महिनाभर आधी वाजवायला हवा होता, आणि हे आत दोघांनाही माहीत होतं, आणि तरी ती "पुन्हा घेऊ" म्हणत होती, हे "पुन्हा" म्हणत होते. तिच्या हातून ते बटण सुटणार नव्हतं. बस सुटली असती.

मी उठले, बाहेरची मोठी मूठ दोन्ही हातांनी ओढली आणि दार उघडलं. रबर फाटल्यासारखा आवाज झाला. बाहेरचं सगळं एकदम आत घुसलं, काठीचा ठोका, कुणाचं तरी रडणारं मूल, डॉक्टरांच्या चपला.

"वेळ झाली," मी म्हटलं.

"अगं, मध्येच!" हे ओरडले. हात अजून तारांवर होता. "चालू होतं!"

"चालूच राहिलं असतं. ऊठ गं. बॅग घे."

ती उठली नाही. ह्यांच्याकडे बघत राहिली. ह्यांनी काही म्हणावं म्हणून मी थांबले. आयुष्यात एवढी कधी थांबले नाही. ह्यांनी तारांवर तळवा ठेवून त्या गप्प केल्या आणि म्हणाले, "जा. सतरा झाले. सतरा काही कमी नाहीत."

ती दोघांच्या पाया पडायला वाकली तर जागाच नव्हती. गिटारला डोकं आपटलं. तिघंही हसलो, त्या हसण्यात फार काही नव्हतं, पण त्यावर ती बाहेर पडू शकली. बॅग आजीबाईंच्या पायाखालून ओढली, आणि गेली.

हे मात्र आत तसेच बसून. आजीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "ह्यांना फारच कमी ऐकू येतं का हो?"

"ऐकू सगळं येतं," मी म्हटलं.

घरी चालत आलो. गिटारची पेटी ह्यांच्या हातात, बाकीचं माझ्या. जिन्याशी येऊन हे म्हणाले, "आता ऐकणार कोण?"

"मी आहे ना," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच जीभ चावली.

ह्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, दुकानदार खोट्या मालाकडे बघतो तसं. "तुला कळतं?"

"अंगठा कळतो."

हे जिने चढत राहिले. दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणाले, "तो शेवटचा. करंगळीशिवाय वाजवता येईल अशी बोटं बदलून बघतो. महिना लागेल. दोन लागतील. उद्या जेवण झालं की बस मागच्या खोलीत. खिडकी लावायची, पंखा बंद. सूर विझेपर्यंत हलायचं नाही. आणि आवडला नाही तर आवडला म्हणायचं नाही."

"किती वेळ बसायचं?"

"एक मिनिट दहा सेकंदांचा तर आहे," हे म्हणाले.

ह्यांचं मिनिट मला माहीत आहे. मी कुलूप उघडलं, आम्ही आत गेलो, आणि दार लावून घेतलं.